दाताचा रंग जुळवायला शिकणे : नजरेच्या देणगीपासून शिकवता येणाऱ्या रीतीपर्यंत

प्रस्तावना

समोरचा एक दात तुटला आणि त्यावर कॅप बसवायची आहे, असे समजा. कॅपचा आकार बरोबर आहे, ती घट्ट बसली आहे, घास नीट चावता येतो. पण शेजारच्या दाताच्या मानाने ती किंचित पांढरी दिसते. दंतवैद्यकाच्या दृष्टीने काम पूर्ण झालेले असते, पण त्या माणसाच्या दृष्टीने झालेले नसते. तो हसताना ओठ मिटून घेऊ लागतो. म्हणून बीडीएसच्या विद्यार्थ्याला दात कोरायला जसे शिकवतात, तसेच दाताचा रंग ओळखायला आणि जुळवायलाही शिकवावे लागते. डेंटल कॉलेजात याला सरळ ‘शेड घेणे’ म्हणतात.

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवतो, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा मोजमापाचा प्रश्न आहे. एखादी गोष्ट नुसती पाहून ओळखायची असेल, तर ती दुसऱ्याला शिकवायची कशी? ‘तुला नजर आहे’ किंवा ‘तुला नजर नाही’ एवढेच शिक्षक म्हणू शकत असेल, तर ते शिकवणे नव्हे. दाताचा रंग जुळवण्याच्या इतिहासात हाच बदल घडलेला दिसतो. आधी जे काही मोजक्या लोकांच्या नजरेची देणगी समजले जाई, ते हळूहळू कोणालाही शिकवता येणारी रीत बनले. हा बदल कोणत्या पायऱ्यांनी झाला, ते आपण या टिपणात पाहू.

१. चिनीमातीचे दात आणि कारागिराची नजर

अठराव्या शतकात युरोपात कृत्रिम दात हस्तिदंत, पाणघोड्याचे दात किंवा मृत माणसांचे दात यांपासून बनवत. ते तोंडात कुजत आणि त्यांना दुर्गंधी येई. १७७४ च्या सुमारास फ्रान्समधील दुशातो या औषधविक्रेत्याने याच त्रासाला कंटाळून स्वतःसाठी चिनीमातीची, म्हणजे पोर्सिलेनची कवळी करून घेण्याचा प्रयत्न केला. पॅरिसचा दंतवैद्य निकोला द्युबुआ द शेमां याने त्या कल्पनेत सुधारणा केल्या आणि पुढे इंग्लंडमध्ये जाऊन त्याचे एकस्व मिळवले. १८०८ मध्ये जुझेप्पांजेलो फोन्झी याने पॅरिसमध्ये पोर्सिलेनचे सुटे दात मांडले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असे दात कारखान्यात तयार होऊ लागले. फिलाडेल्फियाचे एस. एस. व्हाइट हे त्यातले मोठे नाव.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्ण कवळी बसवताना रंगाचा प्रश्न सौम्य असतो, कारण सगळेच दात कृत्रिम असतात आणि ते एकमेकांशी जुळले की झाले. खरी अडचण एकच दात बदलताना येते, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना जिवंत, नैसर्गिक दात साक्षीला उभे असतात. डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर पोर्सिलेन भाजण्याची पद्धत विकसित केली. १९०३ च्या सुमारास पोर्सिलेनची ‘जॅकेट’ कॅप दंतवैद्यकात आली. (अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग हा या लँड यांचा नातू.) त्या कॅपबरोबर रंग जुळवण्याचा प्रश्नही खऱ्या अर्थाने आला.

तो त्या काळी सोडवला जाई तो कारागिराच्या नजरेने. प्रत्येक उत्पादक आपापल्या दातांच्या नमुन्यांची पट्टी देई, तिचे आकडे त्याच्यापुरते असत. एका पट्टीवरचा आकडा दुसऱ्या पट्टीवर काहीच सांगत नसे. शिकाऊ माणूस वर्षानुवर्षे गुरूशेजारी उभा राहून पाही. काहींना ते जमे, काहींना जमत नसे, आणि का जमत नाही हे कोणालाच सांगता येत नसे.

२. रंगाला तीन मापे

हे ‘का’ सांगण्यासाठी लागणारी भाषा दंतवैद्यकाबाहेरून आली. अमेरिकेतील बॉस्टन येथे आल्बर्ट मन्सेल नावाचे चित्रकला-शिक्षक होते. मुलांना रंग शिकवताना त्यांना अडचण येई, ती नावांची. ‘आकाशी’, ‘मोरपंखी’, ‘लिंबू’ ही नावे प्रत्येकाच्या मनात वेगळी असतात. मन्सेल यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात प्रत्येक रंगाला तीन मापे दिली.

पहिले माप ह्यू, म्हणजे रंगाचे कूळ : लाल, पिवळा, हिरवा वगैरे. दुसरे व्हॅल्यू, म्हणजे उजळपणा : काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या शिडीवर हा रंग कोणत्या पायरीवर आहे ते. तिसरे क्रोमा, म्हणजे रंगाचा दाटपणा. पाण्याच्या पेल्यात हळद थोडी टाकली किंवा जास्त टाकली, तर कूळ तेच राहते, दाटपणा बदलतो.

मन्सेल पद्धतीत ‘५ वाय ८/२’ असे लिहिले, तर ५ वाय हे पिवळ्याचे कूळ, ८ हा उजळपणा आणि २ हा दाटपणा. खोलीतील वस्तूची जागा लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन आकड्यांनी सांगावी, तसाच हा प्रकार. वर्गात शिकवण्याच्या गरजेतून ही पद्धत जन्मली, हे विशेष.

३. क्लार्क यांची तक्रार

ही तीन मापे दातांना लावण्याचे श्रेय अमेरिकी दंतवैद्य ई. ब्रूस क्लार्क यांना जाते. १९३१ आणि १९३३ मध्ये त्यांनी अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात दातांच्या रंगाचे विश्लेषण मांडले. त्यांची तक्रार साधी होती : आकाराप्रमाणे रंगालाही तीन परिमाणे असतात, पण दंतवैद्यांना त्यांची नावेही शिकवलेली नसतात. मग ते मोजणार काय आणि लॅबला कळवणार काय?

दातांचा रंग या तीन मापांत मांडला की काही गोष्टी स्पष्ट होतात. नैसर्गिक दातांचे कूळ फार पसरलेले नसते. ते पिवळा आणि पिवळसर-तांबूस यांच्यामधल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात बसते. दाटपणाही कमी असतो. डोळ्याला सगळ्यात आधी खटकतो तो उजळपणातला फरक. कूळ थोडे चुकले तर चालून जाते. उजळपणा चुकला तर दुरूनही कळते.

यामागे दाताची रचना आहे. बाहेरचे इनॅमल अर्धपारदर्शक असते आणि आतले डेंटीन पिवळसर, अपारदर्शक असते. आपल्याला दिसणारा रंग मुख्यतः डेंटीनचा, इनॅमलच्या पडद्यातून गाळून आलेला. हिरडीजवळ इनॅमल पातळ, म्हणून तिथे दात अधिक पिवळा दिसतो. कडेला खाली डेंटीन नसते, म्हणून तिथे निळसर-करडी झाक येते. वय वाढते तसे इनॅमल झिजते आणि डेंटीन जाड होते, त्यामुळे दात गडद होतात. तेव्हा ‘एका दाताचा एक रंग’ असे म्हणणे ही सोय आहे, वस्तुस्थिती नाही.

क्लार्क यांनी या आधारावर नमुन्यांची पद्धतशीर पट्टीही सुचवली. परंतु ती रोजच्या वापरात रुजली नाही. विचार योग्य असला, तरी तो हातात धरायच्या साधनात उतरेपर्यंत वर्गात पोहोचत नाही.

४. सोळा नमुन्यांची पट्टी

रोजच्या वापरात रुजले ते वेगळेच साधन. जर्मनीतील विटा या कंपनीने १९५६ मध्ये ‘लुमिन व्हॅक्यूम’ ही शेड गाइड बाजारात आणली. नावातल्या ‘व्हॅक्यूम’चा संबंध भट्टीशी आहे. पोर्सिलेन निर्वातात भाजले की त्यातले हवेचे बुडबुडे कमी होतात आणि ते अधिक पारदर्शक दिसते. हीच पट्टी पुढे ‘विटा क्लासिकल’ म्हणून जगभर पसरली. भारतातल्या बहुतेक दवाखान्यांत आजही तीच दिसते.

तिच्यात सोळा नमुने आहेत. ए गटात पाच : ए१, ए२, ए३, ए३.५, ए४. बी आणि सी गटांत प्रत्येकी चार. डी गटात तीन : डी२ ते डी४. ए म्हणजे तांबूस-तपकिरी, बी म्हणजे तांबूस-पिवळा, सी म्हणजे करडा आणि डी म्हणजे तांबूस-करडा. आकडा वाढला की सहसा दात गडद.

या पट्टीने सगळ्यांना एक समान भाषा दिली. नागपूरच्या दंतवैद्याने चिठ्ठीवर ‘ए२’ लिहिले, तर हैदराबादच्या लॅबला ते कळते. ही मोठीच गोष्ट आहे. पण शिकण्याच्या दृष्टीने तिच्यात एक खोट आहे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला ती लगेच दिसावी.

ए१ कडून ए४ कडे जाताना उजळपणा कमी होतो आणि त्याच वेळी दाटपणा वाढतो. दोन चल राशी एकमेकींना बांधलेल्या आहेत. दात उजळ आहे पण रंगाने दाट आहे, असे आढळले तर त्यासाठी नमुनाच नाही. शिवाय पट्टी कुळाप्रमाणे मांडलेली असल्यामुळे नवशिक्याची नजर आधी कूळ शोधते, म्हणजे ज्याचे महत्त्व सगळ्यात कमी त्यापासून सुरुवात होते. ए, बी, सी, डी या गटांच्या कुळांतले फरकही इतके बारीक आहेत की सरावलेला माणूसही गोंधळतो.

यावर उपाय म्हणून त्याच सोळा नमुन्यांची उजळपणाप्रमाणे फेरमांडणी शिकवतात : बी१, ए१, बी२, डी२, ए२, सी१, सी२, डी४, ए३, डी३, बी३, ए३.५, बी४, सी३, ए४, सी४. नमुने तेच, फक्त क्रम बदललेला. तरीही आता विद्यार्थी आधी ‘हा दात या रांगेत कुठे बसतो?’ असे विचारू लागतो. साधनाची मांडणी विचाराची मांडणी कशी ठरवते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

५. स्प्रौल यांचे लेख आणि नवी मांडणी

क्लार्क यांच्यानंतर सुमारे चाळीस वर्षांनी, १९७३-७४ मध्ये, रॉबर्ट स्प्रौल यांनी कृत्रिम दंतोपचाराच्या एका नियतकालिकात रंग जुळवण्यावर तीन भागांची लेखमाला लिहिली. पहिला भाग रंगाच्या त्रिमितीय स्वरूपाचा, दुसरा त्या मांडणीच्या व्यावहारिक उपयोगाचा, तिसरा रंगनियंत्रणाचा. चांगल्या शेड गाइडने दोन गोष्टी साधल्या पाहिजेत, असा त्यांचा मुद्दा : नमुने रंगाच्या अवकाशात तर्कशुद्ध क्रमाने मांडलेले हवेत आणि नैसर्गिक दातांचा सगळा प्रदेश त्यांनी पुरेसा व्यापलेला हवा. प्रचलित पट्ट्या या दोन्ही कसोट्यांवर कमी पडत होत्या.

या विचाराचे मूर्त रूप १९९८ मध्ये आले. विटा कंपनीनेच ‘थ्रीडी-मास्टर’ ही नवी शेड गाइड काढली. तिच्यात २६ नमुने उजळपणाच्या पाच गटांत मांडले आहेत. पहिल्या गटात दोन, मधल्या तीन गटांत प्रत्येकी सात, पाचव्यात तीन. नमुन्याचे नाव ‘२एम२’ अशा धर्तीचे असते. पहिला आकडा उजळपणाचा गट, मधले अक्षर कूळ (एल अधिक पिवळसर, एम मधला, आर अधिक तांबूस), शेवटचा आकडा दाटपणा.

वापरण्याची रीत तीन पायऱ्यांची आहे. आधी पाचांपैकी उजळपणाचा गट निवडा. मग त्या गटातल्या ‘एम’च्या उभ्या रांगेत दाटपणा पाहा. शेवटी दात मधल्यापेक्षा पिवळसर आहे की तांबूस, ते ठरवा. प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न आणि मोजकेच पर्याय. सव्वीस नमुन्यांतून एकदम एक निवडण्यापेक्षा हे सोपे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चूक झाली तर ती कोणत्या पायरीवर झाली, हे शिक्षकाला दाखवता येते. ‘तुझी नजर चुकली’ असे न म्हणता ‘गट बरोबर निवडलास, दाटपणा एका पायरीने जास्त घेतलास’ असे म्हणता येते.

६. उजेड, शेजार आणि थकलेले डोळे

मापे आणि पट्टी असली तरी पाहणारा डोळाच असतो, आणि डोळा फसतो. त्याची तीन कारणे प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जातात.

पहिले कारण उजेड. साडीवर ब्लाउजपीस घ्यायला मॅचिंग सेंटरमध्ये गेलेली कोणतीही बाई दुकानातल्या दिव्यावर विसंबत नाही. ती दोन्ही कापडे घेऊन दुकानाबाहेर उन्हात येते. दिव्याखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. याला रंगशास्त्रात मेटामेरिझम म्हणतात. दोन वस्तू प्रकाशाच्या वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या प्रमाणात परावर्तित करत असतील, तरी एखाद्या विशिष्ट उजेडात डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकूपेशींना त्या सारख्याच वाटू शकतात. उजेड बदलला की ते सारखेपण मोडते. पोर्सिलेन आणि नैसर्गिक दात हे मुळातच भिन्न पदार्थ असल्यामुळे हा धोका कायम राहतो. म्हणून दिवसाच्या उजेडाजवळ जाणारा, साधारण ५,५०० ते ६,५०० केल्विन रंगतापमानाचा उजेड वापरावा, असे शिकवतात. दंतखुर्चीवरचा प्रखर दिवा शेड घेताना बंद ठेवायचा.

अतिनील किरणांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. नैसर्गिक दात अतिनील किरणांत निळसर चमकतो. ती चमक कृत्रिम दातात आणण्यासाठी एके काळी पोर्सिलेनमध्ये युरेनियमची संयुगे मिसळत. किरणोत्साराचा धोका लक्षात आल्यावर ती प्रथा सोडली गेली आणि त्या जागी दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांची संयुगे आली.

दुसरे कारण शेजार. फ्रान्समधील गोबलँ या विणकामाच्या प्रसिद्ध कारखान्यात मिशेल शेव्हरोल हे रसायनशास्त्रज्ञ रंगकामाचे प्रमुख होते. काही रंग, विशेषतः काळा, फिका वाटतो अशी तक्रार होती. रंगद्रव्यात दोष नव्हता. शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो तसा दिसत होता. यावरचा त्यांचा ग्रंथ १८३९ मध्ये निघाला. दाताच्या शेजारी लाल हिरडी आणि ओठ असतात. म्हणून आधी लिपस्टिक पुसायला सांगतात आणि भडक रंगाचा पोशाख असेल तर त्यावर करड्या रंगाचे कापड घालतात.

तिसरे कारण थकवा. एकाच रंगाकडे टक लावून पाहिले की डोळा त्या रंगाला सरावतो आणि फरक दिसेनासा होतो. म्हणून एका वेळी पाच-सात सेकंदच पाहावे, मग नजर दुसरीकडे न्यावी. दुसरीकडे म्हणजे कुठे? अनेक वर्षे निळ्या कागदाकडे पाहा, असे शिकवले जाई. निळा हा पिवळ्याचा विरोधी रंग, त्याकडे पाहिल्यावर पिवळ्याची जाण तीक्ष्ण होते, असा त्यामागचा तर्क. पण निळ्याकडे पाहून नजर वळवली की डोळ्यात पिवळी उत्तरप्रतिमा राहते आणि दात आहे त्यापेक्षा पिवळा वाटू शकतो. म्हणून आता तटस्थ करड्या रंगाकडे पाहायला सांगतात. पाठ्यपुस्तकातला नियमही तपासायचा असतो, हा यातला धडा आहे.

७. विद्यार्थी सराव कसा करतात

सुरुवात विद्यार्थ्याच्या स्वतःच्या डोळ्यांपासून होते. लाल-हिरव्याची रंगांधता आनुवंशिक असते आणि पुरुषांत कितीतरी अधिक आढळते. अनेकांना ती आपल्याला आहे हे माहीतच नसते. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये तयार केलेल्या ठिपक्यांच्या तक्त्यांनी ती सहज ओळखता येते. दोष आढळला म्हणून कोणी दंतवैद्य होऊ शकत नाही असे नाही. त्याने सहकाऱ्याची किंवा यंत्राची मदत घ्यायची, एवढेच. रंगांतले बारीक फरक ओळखण्याची क्षमता तपासण्यासाठी फार्न्सवर्थ-मन्सेल चाचणी आहे. तिच्या नावात ‘शंभर ह्यू’ असले तरी चकत्या ८५ असतात. त्या रंगाच्या क्रमाने लावायच्या.

पुढचा सराव म्हणजे पट्टी विरुद्ध पट्टी. एका शेड गाइडमधल्या नमुन्यांवरचे आकडे झाकायचे आणि दुसऱ्या पट्टीतून त्यांचे जोडीदार शोधायचे. बरोबर उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे विद्यार्थ्याला लगेच कळते की आपण कुठे चुकलो. अशाच सरावासाठी संगणकावरचे कार्यक्रमही तयार झाले आहेत.

या ‘लगेच कळण्या’चे महत्त्व मोठे आहे. अनेक विद्यापीठांतील सहभागींवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवाच्या पातळीने रंग जुळवण्यात लक्षणीय फरक पडल्याचे दिसले नाही. पहिल्यांदा ऐकताना हे विचित्र वाटते. विचार केला की मात्र कारण सुचते. दवाखान्यात दंतवैद्य शेड घेतो, कॅप बसते, रुग्ण बहुधा काही न बोलता घरी जातो. आपण किती चुकलो हे कळले नाही, तर वर्षे वाढतात, कौशल्य वाढेलच असे नाही.

नंतर प्रत्यक्ष रुग्ण. इथले नियम विद्यार्थ्यांनी कारणासह लक्षात ठेवावेत :

– शेड उपचाराच्या सुरुवातीलाच घ्यावी. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात कोरडा पडतो आणि पांढरट दिसतो. ओली भिंत गडद दिसते, वाळली की फिकी पडते, तसेच. सच्छिद्र थरातल्या पाण्याची जागा हवेने घेतली की प्रकाश अधिक विखुरतो.
– दात आधी स्वच्छ करावा. पान, चहा, तंबाखूचे डाग हे दाताचे रंग नव्हेत.
– डोळे किलकिले करून आधी उजळपणा ठरवावा. उजेड कमी झाला की कुळाचा प्रभाव ओसरतो आणि उजळ-गडद एवढेच राहते.
– नमुना दाताला समांतर, त्याच पातळीत धरावा. पुढे धरला तर तो अधिक उजळ भासतो.
– दाताचे हिरडीजवळचा, मधला आणि कडेचा असे तीन भाग करून तिन्हींचा नकाशा काढावा.
– नमुना दाताशेजारी धरून छायाचित्र घ्यावे. लॅबमधल्या कारागिराने रुग्ण पाहिलेला नसतो. त्याच्यासाठी तो नमुना म्हणजे नकाशावरचे प्रमाण.

८. किती फरक चालतो?

यंत्राचा भाग बनवताना आपण मापाबरोबर टॉलरन्स देतो. रंगाला टॉलरन्स द्यायचा तर फरक आकड्यात मोजता आला पाहिजे. १९३१ मध्ये सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने रंगमापनाची प्रमाणपद्धत ठरवली. १९४२ मध्ये डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी दाखवले की त्या आलेखावर सारखे अंतर म्हणजे डोळ्याला सारखा फरक, असे होत नाही. ही त्रुटी कमी करणारी पद्धत १९७६ मध्ये आली. तिच्यात एल हा उजळपणा, ए हा हिरवा-लाल अक्ष आणि बी हा निळा-पिवळा अक्ष. दोन रंगांमधले अंतर, म्हणजे डेल्टा-ई, शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्याच रीतीने काढतात : तिन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा.

सरावासाठी काही आकडे गृहीत धरू. दात : एल ७४, ए २, बी १८. पहिली कॅप : एल ७२, ए ३, बी २०. फरक २, १ आणि २. वर्गांची बेरीज ४ + १ + ४ = ९. डेल्टा-ई = ३. दुसरी कॅप : एल ७४, ए २, बी २०. डेल्टा-ई = २.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासानुसार निम्म्या निरीक्षकांना फरक जाणवू लागतो तो डेल्टा-ई सुमारे १.२ असताना आणि निम्म्यांना तो अस्वीकार्य वाटतो तो सुमारे २.७ असताना. आपली दुसरी कॅप या दोन मर्यादांच्या मध्ये बसते. फरक दिसेल, पण बरेच जण तो चालवून घेतील. पहिली कॅप वरच्या मर्यादेबाहेर गेली. ती परत लॅबला जाण्याची शक्यता जास्त. अशा मर्यादांमुळे ‘बरे दिसते’ या शब्दांना मोजता येणारा अर्थ मिळाला.

९. यंत्र आले तरी

गेल्या काही दशकांत दाताला टेकवून रंग मोजणारी स्पेक्ट्रोफोटोमीटर यंत्रे आली आहेत. ती थकत नाहीत आणि त्यांना खोलीतला उजेड फसवत नाही. पण दात अर्धपारदर्शक असल्यामुळे यंत्राने टाकलेला काही प्रकाश दाताच्या आत पसरतो आणि यंत्राच्या छिद्राबाहेर निसटतो. त्याचा परिणाम मापावर होतो. यंत्र एका ठिपक्याचा आकडा देते. कडेची पारदर्शकता, पृष्ठभागावरची चमक, इनॅमलमधली बारीक रेघ हे त्या आकड्यात येत नाही. म्हणून डोळा आणि यंत्र दोन्ही वापरावे, असेच शिकवतात. मापकाची मर्यादा कळल्याशिवाय माप वापरू नये, हा नियम दंतवैद्यकालाही लागू आहे.

१०. आपल्याकडची परिस्थिती

भारतातले पहिले डेंटल कॉलेज डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकात्यात सुरू केले. ते अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात शिकून आले होते. मुंबईतील नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज १९३३ चे, म्हणजे क्लार्क यांच्या दुसऱ्या लेखाच्याच वर्षाचे. १९४८ मध्ये दंतवैद्य कायदा आला आणि देशभरातल्या शिक्षणाला एक चौकट मिळाली. पण शेड गाइड आपण बाहेरूनच घेतली आणि ती घेताना एक प्रश्न सोबत आला : तिचे नमुने आपल्याकडचे सगळे दात व्यापतात का?

तेलंगणातील नलगोंडा किंवा महाराष्ट्रातील चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांत पाण्यातल्या अतिरिक्त फ्लोराइडमुळे दातांवर पांढरे ठिपके आणि तपकिरी पट्टे येतात. असा दात सोळांपैकी कशातच बसत नाही. तिथे मूळ शेड वेगळी नोंदवावी लागते, डागांचा नकाशा वेगळा काढावा लागतो आणि कॅपवर तसे डाग उमटवायचे की नाही, हे रुग्णाला विचारावे लागते. काहींना शेजारच्या दातांसारखाच दात हवा असतो, काहींना संधी मिळाली आहे तर पांढरा हवा असतो. हा निर्णय पट्टी देऊ शकत नाही, तो त्या माणसाचाच.

समारोप

या इतिहासात तीन टप्पे दिसतात. रंगाला तीन मापे मिळाली, ती मापे हातातल्या साधनात उतरली, आणि चुकीलाही माप मिळाले. प्रत्येक टप्प्यावर शिकणाऱ्याचा फायदा झाला, कारण शिक्षकाला त्याची चूक नेमक्या शब्दांत सांगता आली. ज्याला पूर्वी ‘तुला नजरच नाही’ म्हणून बाजूला सारले असते, त्या विद्यार्थ्याला आज ‘उजळपणा एक पायरी खाली घे’ असे सांगता येते आणि तो ते करू शकतो. तुमच्या विषयात अजून केवळ ‘अनुभवाने येते’ असे म्हणून सोडून दिलेले काय काय आहे, ते शोधून पाहा.

स्वाध्याय

१. विटा क्लासिकल आणि थ्रीडी-मास्टर या दोन पट्ट्यांच्या मांडणीतील मूलभूत फरक उदाहरणासह स्पष्ट करा.
२. दात : एल ७०, ए १, बी १६. कॅप : एल ७१, ए १, बी १६. डेल्टा-ई काढा आणि कॅप स्वीकारावी का ते सकारण सांगा.
३. निळ्या कागदाऐवजी करडा कागद का आला?
४. ट्यूबलाइटखाली जुळणारी आणि उन्हात न जुळणारी कापडाची जोडी शोधा. तिच्या आधारे मेटामेरिझम समजावून सांगा.
५. ‘अनुभव वाढला की कौशल्य वाढतेच’ या विधानाची चर्चा तुमच्या स्वतःच्या विद्याशाखेतील उदाहरण घेऊन करा.